मंत्रीमहोदय, माझ्या टाकीवरचा तो शून्य आहे, 'ओ' नाही

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा पहाटे पावणेचारला तुमच्या खात्याच्या पथकानं हायवेवर माझी पिकअप बाजूला घेतली. मागं टोमॅटोचे चाळीस क्रेट, नारायणगावहून पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला निघालेले. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, इंधन पेट्रोल आणि गाडीत सीएनजीची टाकी, म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 5,000 रुपयांचं चलन. मी म्हटलं, सीएनजीच्या नोंदीचा अर्ज पाच महिने तुमच्याच खात्यात पडलाय. साहेब म्हणाले, "ते ऑफिसला सांगा."

ऑफिसला काय सांगायचं राहिलंय? टाकीत 200 बारचा दाब असतो, त्याच्याशी खेळ नको, म्हणून मंजूर किट आणि अधिकृत फिटर शोधला. पतसंस्थेचं कर्ज काढून 68 हजार मोजले. 60 लिटरची टाकी केबिनच्या मागं बसवली, चार क्रेटची जागा गेली. मिस्त्रीनं खाली रबर घालून पट्टे आवळले. नळीला व्हॉल्व्हजवळ एक वेटोळं दिलं, गाडी हादरली तरी जोड तुटू नये म्हणून. मग प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बॅटरीच्या उजेडात बघत बसला. एका जागी बुडबुडा आला, तर सगळं सोडून परत बसवलं. सकाळी गाडी आत गेली, संध्याकाळी बाहेर आली.

तुमच्याकडं मात्र अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा मंजुरीपत्र पुसट म्हणून. दुसऱ्यांदा टाकीच्या मानेवर ठोकलेला नंबर सर्टिफिकेटशी जुळत नाही म्हणून. कारण? तुमच्या माणसानं शून्याचा 'ओ' वाचला. मी गाडी घेऊन दारात उभा होतो, उठून बघायला वीस पावलं चालावं लागलं असतं. मार्चच्या लोकशाही दिनात, म्हणजे सरकारी तक्रार-सुनावणीत, चारचौघांत शब्द मिळाला, "आठ दिवसांत करून देतो." आता जून उजाडला. बाहेर टपरीवर एजंट तीन हजारांत शून्याचा शून्य वाचून देतो म्हणे. डोळ्यांचा दवाखानाच काढा तिथं.

पथकानं तासभर थांबवलं, बाजार उतरल्यावर पोचलो, क्रेटमागं ऐंशी रुपये कमी आले. सीएनजीमुळं फेरीला साडेतीनशे वाचतात, म्हणजे चौदा-पंधरा फेऱ्यांची बचत चलनात गेली. हप्ता थकला. पोरीच्या अकरावीच्या फीसाठी मेव्हण्यापुढं हात पसरला. घरात आई विचारते, गॅसची गाडी केली तर पैसे कुठं गेले? उद्या अपघात झाला, तर आरसीवर टाकी नाही म्हणून विमावाले हात वर करतील. आमच्या चौकात वीस पिकअप असतील, त्यातल्या निम्म्यांची हीच गत. मोजल्या नाहीत, पण सकाळच्या चहाला दुसरा विषय नसतो.

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवा वेळेत दिली नाही तर अधिकाऱ्याला 5,000 पर्यंत दंड. आकडा बघा, माझ्या चलनाएवढाच! माझं चलन तासात मोबाईलवर आलं. साहेबांचं कुणी पाहिलंय का?

आणि स्वच्छ इंधनाची भाषणं तुम्हीच देता. 1 एप्रिल 2022 ला सरकारनं गॅसवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मुंबईत 60 वर आलेला किलोचा दर आठवड्याच्या आत 67 झाला, ऑगस्टला 86. केंद्र म्हणतं जगात गॅस महागला, राज्य म्हणतं आम्ही कर कमी केला, कंपनी म्हणते आम्ही तरी काय करणार. सगळेच बिचारे, आणि पंपावर रांगेत झोपणारा मी तेवढा कायदेभंग करणारा.

चलन रद्द करा आणि कुणाला तरी वीस पावलं चालायला लावा. चाकाखाली गोटा लावून गाडी उभी करतो, बॅटरीही माझीच आणतो.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक पिकअपवाला

ता. क. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तोवर आरसीवर 'सीएनजी' एवढी चार अक्षरं उमटतील ना?