पाकाची तार आणि ब्रिक्सचा आकडा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

गळीत हंगाम भरात असल्याने संक्रांतीलाही घरी येता आले नाही. यंदा पॅन विभागाची, म्हणजे बंद भांड्यात व्हॅक्यूमखाली पाक आटवून साखरेचे दाणे करतात त्या विभागाची, एक पाळी माझ्याकडे आहे. हाताखालचे दोन पॅनमन माझ्या जन्माआधीपासून साखर शिजवत आहेत. त्यांना काही सांगताना, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलो असूनही, माझी जीभ अडखळते.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून चूक झाली. पॅनमनने पाक अंगठा आणि बोटात धरून तार पाहिली आणि थोडे पाणी द्यावे असे सुचवले. मीटरवर ब्रिक्स, म्हणजे पाकात विरघळलेल्या साखर वगैरेंचे प्रमाण, बरोबर दिसत होता, म्हणून मी नको म्हणालो. काही वेळाने काचेवर चांगल्या दाण्यांमध्ये नव्या दाण्यांची बारीक भुकटी दिसू लागली. व्हॅक्यूम वाढून पॅनचे तापमान उतरले होते, आणि तापमान उतरले की त्याच ब्रिक्सचा पाक अधिक अतिसंपृक्त होतो, म्हणजे त्यात मावते त्याहून जास्त साखर उरते आणि तिचे नवे दाणे पडतात. हेच मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते! तो खोटा दाणा विरघळवण्यात वाफ गेली, वेळ गेला, आणि माझा तोराही गेला.

तरीही सगळे त्यांच्यावर सोपवावे, असे मला वाटत नाही. कारण विचारले तर ते 'हाताला कळतं' एवढेच सांगतात, आणि तीन हंगाम शेजारी उभा असलेला मदतनीस कोराच राहतो. म्हणून आता आधी त्यांचा अंदाज ऐकायचा, मग तापमान व व्हॅक्यूम पाहायचे आणि दोन्ही नोंदवहीत लिहायचे, असा नेम केला आहे. मळीतून किती साखर वाया जाते हे मात्र हाताला कळत नाही. तिथे प्रयोगशाळेचा आकडाच मी प्रमाण मानतो.

बाबा, तुम्ही कारखान्यात 'साहेब म्हणतील तसं' म्हणून गप्प राहायचात आणि राग घरी आणायचात. वाद घालणाऱ्या पॅनमनपेक्षा असा गप्प बसणारा पाळीप्रमुखाला अधिक महाग पडतो, हे आता कळते. हंगाम संपला की वही घेऊन येतो; तुमच्या हाताला काय कळायचे, ते आठवेल तसे सांगा. आई, वड्यांसाठी एकतारी पाक तूही बोटांतच पाहतेस, तेव्हा तूही शेजारी बस.

तुमचा,
थोरला