चरात माणूस असतो

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, की पोकलेनच्या ट्रेनिंग सेंटरवर अजून मशीन हातात देत नाहीत. सिम्युलेटरवर बसवतात आणि रोज सकाळी मशीनभोवती फिरून पिना, होस, चेन, ऑईल बघायला लावतात. गावातला तुझा मित्र हेल्पर म्हणून लागला, जेवणाच्या सुट्टीत मशीन हलवायला शिकला आणि आता ऑपरेटरचा पगार घेतो, हेही सांगितलंस. तुझी घाई माझ्या लक्षात आली. फोनवर एवढं बोलणं जमत नाही, म्हणून लिहितोय.

तू मशीनवर बसणार आहेस. माझं आयुष्य मशीनखाली गेलं. आधी टेंभूच्या कालव्यांवर, मग आटपाडी-सांगोल्याकडच्या पाणी योजनांवर, आता जलजीवनच्या पाईपलाईनवर. पोकलेन चर काढतं आणि आमची गँग त्यात उतरून पाईप जोडते. पहिल्या दिवशी चार बकेट उपसून होईपर्यंत आम्हाला कळतं, वरचा माणूस कसा आहे ते. तो किती भरभर खणतो त्यावरून नाही कळत. आम्ही खाली उतरलो की त्याचा हात लिव्हरवर असतो की लिव्हर सोडून मांडीवर, ते आम्ही बघतो.

म्हणून सेंटरवाले जे शिकवतात त्यातलं एक मी पुन्हा सांगतो, खालच्या माणसाच्या बाजूनं. माणूस कुठं आहे हे डोळ्यांनी दिसत नाही तोवर मशीन हलवायचं नाही. तो तिथं नसेल असं धरायचं नाही. दिसला तरच हलवायचं.

केबिन मशीनच्या डाव्या अंगाला असते. उजवीकडे बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, आडवा येतो, मागं इंजिन आणि तोल धरणारं काउंटरवेट. उजवीकडची आणि मागची बरीचशी जमीन आरशाशिवाय दिसतच नाही, आणि आपल्याकडच्या धुळीत आरसा तासाभरात आंधळा होतो. तो पुसायला खाली उतरावं लागलं तरी उतर. स्विंग घेताना, म्हणजे वरचा भाग गोल फिरवताना, तुझी नजर बकेटवर असते, तेव्हाच मागचं काउंटरवेट उलट्या बाजूला फिरत असतं. वीस टनी मशीनचा मागचा भाग फिरण्याच्या मध्यापासून पावणेतीन मीटरच्या आसपास लांब जातो. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये बोळ राहिला असेल, तर त्यातून कोणीतरी जाणारच, हे धरून चाल. पाणी आणायला जाईल, लघवीला जाईल, फोन आला म्हणून आडोशाला जाईल. आधी तो बोळ दोरीनं किंवा बॅरिकेडनं बंद करायला लाव, मग स्विंग घे.

दुपारचं तर फारच जपायचं. माणदेशातल्या उन्हात साईटवर सावली असते ती मशीनचीच. जेवण झालं की हेल्पर, मजूर, कधी त्यांची लेकरंसुद्धा मशीन ज्यावर चालतं त्या चेनच्या कडेला आडवी होतात. चावी फिरवण्याआधी मशीनला एक पूर्ण चक्कर मार, वाकून दोन्ही चेनच्या मधे बघ, हॉर्न दे, थोडं थांब आणि मग सुरू कर. सकाळची जी फेरी तुला कंटाळवाणी वाटते ती हीच आहे. पिना आणि ग्रीस बघताना तू माणसंही बघतोस. ही सवय आत्ता लागली तर लागली. एकदा तासावर काम सुरू झालं की नवी सवय लागत नाही.

चरात कोणी उतरायचं म्हणालं की बकेट जमिनीला टेकव, लॉक लिव्हर ओढ आणि मग हातानं खूण कर. लॉक नसेल तर शर्टाची बाही किंवा डब्याची पिशवी जॉयस्टिकला अडकली तरी बूम हलतो. इशारा करायला एकच माणूस ठेव, दहा जणांच्या हातवाऱ्यांवर काम करू नकोस. पण थांब म्हणून कोणीही हात वर केला, पाणी पाजणाऱ्या बाईनं केला तरी, त्या क्षणी थांब. कारण नंतर विचार.

आता मातीबद्दल लिहितो, कारण हे सिम्युलेटरमध्ये येत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी लागलं की फुगते. चराची भिंत सकाळी सुरीनं कापल्यासारखी सरळ दिसते आणि दुपारी खाली असते. मुरूम आणखी फसवा. तो ताठ उभा राहतो, त्यामुळे सगळे निर्धास्त होतात, आणि मग त्याची आख्खी खपली एकदम सुटते. एक घनमीटर ओली माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडं असूनही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. म्हणून चर दीड मीटरच्या खाली गेला की बाजूंना उतार द्यायचा, नाहीतर फळ्या आणि टेकू लावून आधार द्यायचा. आयएस 3764 या भारतीय मानकात खोदकामाच्या सुरक्षेचे नियम आहेत. सेंटरच्या सरांकडे ते माग आणि वाच. फळ्या लावणं ठेकेदाराचं काम, पण उतार काढणं तुझ्या बकेटच्या हातात आहे. उपसलेली माती काठावर न टाकता लांब टाकणंही तुझ्याच हातात आहे. काठावरचा ढीग म्हणजे त्या भिंतीवर ठेवलेलं ओझंच. तुझी चेनही काठाला समांतर लावू नकोस. चेनचं तोंड चराकडे कर आणि ड्राईव्हचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चाकं, मागं ठेव, म्हणजे काठ खचू लागला तर सरळ मागं येता येईल.

एका ऑपरेटरची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. कालव्याच्या जवळ लाईन टाकत होतो, खालून पाणी झिरपत होतं. दुपारी एका अंगाची भिंत सुटली आणि आमचा एक माणूस कमरेच्या वरपर्यंत गाडला गेला. सगळे ओरडायला लागले, बकेटनं उपस, लवकर उपस. तो ऑपरेटर वयानं तुझ्याएवढाच असेल. त्यानं बकेट लांब जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. दोघा-तिघांनी त्याला शिव्या दिल्या. तो फक्त एवढंच म्हणाला, मशीनच्या हादऱ्यानं दुसरी भिंतही येईल आणि बकेटच्या दातांना मातीतला पाय कळत नाही. मग त्यानंच समोरच्या भिंतीला फळ्या लावायला लावल्या, काठावरची गर्दी मागं हटवली, आणि आम्ही फावड्यांनी आणि हातांनी माती काढली. वेळ लागला, पण तो माणूस आज जिवंत आहे, चालतो-फिरतो. त्या पोराला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. ज्याच्याकडे शिकवणी नसते तो गर्दीचं ऐकतो. तुझ्या मित्राबद्दल मला काळजी वाटते ती यासाठीच. तो मशीन चालवायला शिकलाय. बकेटनं उपसू नकोस, हे त्याला कोण सांगणार?

तारांचं पण ऐक. आपल्याकडं डाळिंबाच्या बागांतून शेतीपंपाच्या लाईन जातात आणि वाकलेल्या खांबांवर तारा लोंबतात. उन्हाळ्यात तार तापून आणखी खाली येते. रस्त्यावर 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, तार सहा मीटरच्या आसपास असते आणि तुझ्या मशीनचं टोक नऊ मीटरच्या वर जातं. स्पर्श झालाच पाहिजे असंही नाही, एवढ्या दाबाची वीज हवेतून उडी मारते. तारेजवळ काम असेल तर महावितरणकडून लाईन बंद झाल्याचं पक्कं कळल्याशिवाय बूम उचलू नकोस. आणि कधी तार लागलीच, तर केबिनमध्येच बसून राहा, बाकीच्यांना ओरडून लांब ठेव आणि लाईन बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत उतरू नकोस. आग लागली तरच बाहेर पड. तेव्हाही एक हात मशीनला आणि पाय जमिनीला असं होऊ देऊ नकोस. दोन्ही पाय जोडून उडी मार आणि पाय न फाकवता सरकत लांब जा. जमिनीखालच्या केबलसाठी 2023 साली केंद्र सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलंय. खोदायच्या आधी त्यावर कळवायचं असतं. तरीही गावात नेमकी लाईन कुठून गेलीय हे पाणी सोडणाऱ्या माणसाला जास्त माहीत असतं, त्याला विचार, आणि शंका असेल तिथं आधी हातानं खड्डा घेऊन बघायला लाव.

पाईप उतरवतानाचं एक. बकेटच्या दाताला पट्टा अडकवून डीआय, म्हणजे जड लोखंडी, पाईप उचलणारे तुला जागोजागी दिसतील. दातावरून पट्टा सरकतो. हूक असलेलं मशीन माग, आणि आर्म, म्हणजे बूमच्या पुढचा हात, जितका लांब तितकं वजन कमी झेपतं, चेनच्या आडव्या बाजूला आणखी कमी, हे केबिनमधल्या लोड चार्टवर बघ. अधांतरी पाईपखाली आमच्यातला कोणी आला तर खुशाल शिव्या घाल.

मालक काय म्हणेल ते मला माहीत आहे. मशीन अवर मीटरवर चालतं, तू थांबलास की त्याचा तास जातो. तो म्हणेल, एवढं काय होतंय, बाकीचे करतातच की. पुण्याच्या कोंढव्यात 29 जून 2019 च्या पहाटे, पावसात, एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. 15 माणसं झोपेतच गेली, त्यात लहान लेकरं होती. ती सगळी पोटासाठी लांबून आली होती, आपण जातो तशीच. तेव्हापासून मी कुठल्याही भिंतीशेजारी खोदायचं असलं की आधी इंजिनिअरला बोलावतो आणि त्याच्याकडून लिहून घेतो. तूही घे. भिंतीच्या पायाला बकेट लावायला सांगितलं आणि लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर मशीन बंद कर आणि मला फोन कर, रात्र असली तरी. नोकरी गेली तर जाऊ दे. तुझा एक महिन्याचा पगार बुडाला म्हणून आपलं घर बसत नाही.

तेव्हा सिम्युलेटरवर बसवतात तर बस. लिव्हरचा पॅटर्न नीट हातात भिनू दे, कारण प्रत्येक मशीनला तो सारखा नसतो. कुठं बूमचा लिव्हर उजव्या हाताला, कुठं डाव्या. मशीन बदललं की मोकळ्या जागेत, आसपास कोणी नसताना, हळू हलवून बघायचं. केबिन मागं फिरलेली असली की चालवायचे लिव्हर उलटे लागतात, त्याचाही सराव कर. परीक्षेची घाई करू नकोस. सर्टिफिकेट दोन आठवडे उशिरा मिळालं तरी चालेल.

कामाला लागलास की पहिल्या दिवसापासून हजेरीचा कागद जपून ठेव. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार नंतर द्यायला टाळाटाळ करतात. आधार, बँकेचं पासबुक आणि फोटो घेऊन दिवाळीला ये, फॉर्म आपण मिळून भरू.

सेफ्टी बूट चावतात म्हणालास. बदलून मिळत असतील तर एक नंबर मोठा माग आणि आत जाड मोजे घाल. आईनं शेंगदाण्याची चटणी केलीय, शनिवारी तुझा चुलता पुण्याला येणार आहे त्याच्याजवळ देतो.

तुझा,
अण्णा