माहितीपत्रक कपाटात, कामगार ड्रमपाशी

महोदय,

कालच्या अंकातील औद्योगिक वसाहतीच्या सुरक्षा सप्ताहाची बातमी वाचून मन उद्विग्न झाले. दीपप्रज्वलन, शपथ आणि सत्कार यांना भरपूर जागा मिळाली. कामगार ज्या रसायनांत वावरतात त्यांच्या धोक्यांची नोंद कोठे ठेवली जाते, याविषयी मात्र एक ओळही नव्हती.

माझा भाचा जळगावात एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. तेथे मोठ्या ड्रममधील द्रावण गोडेतेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये काढून ठेवलेले होते आणि कॅनवर तेलाचेच लेबल होते. कॅन उचलताना ते द्रावण उसळून त्याच्या डोळ्यांत गेले. सोबत्यांनी फडक्याने डोळे पुसून त्याला रिक्षात घातले. ॲसिड होते की अल्कली, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, कारण अल्कली डोळ्यात खोलवर शिरत जाते व धुणे बराच वेळ चालू ठेवावे लागते. मुकादमाला फोन केला, तर ‘सफाईचे लिक्विड आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ते कॉस्टिक सोड्याचे, म्हणजे तीव्र अल्कलीचे, द्रावण असल्याचे संध्याकाळी कार्यालयातील कपाट उघडल्यावर समजले. फाइलमधील 16 विभागांच्या, रसायनाचे धोके व उपाय सांगणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात, चौथ्या म्हणजे प्रथमोपचाराच्या विभागात, डोळे तत्काळ पाण्याने निदान 15 मिनिटे धुवावेत, असे इंग्रजीत स्पष्ट छापलेले होते. भाच्याला उजव्या डोळ्याने आजही अंधूक दिसते.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक झाले, आणि धोकादायक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांत माहितीपत्रक व लेबल या दोहोंची तरतूद आली. शिरपूरजवळ वाघाडी येथे ऑगस्ट 2019 मध्ये रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट खानदेश विसरलेला नाही. तरीही माहितीपत्रक हा निरीक्षकांना दाखवायचा कागद मानला जातो. ते मराठीत, मोठ्या अक्षरांत, ड्रमशेजारी भिंतीवर असले पाहिजे; सातपुड्यातून येणाऱ्या, वाचता न येणाऱ्या पावरा कामगारांना ते त्यांच्या बोलीत समजावून सांगितले पाहिजे; आणि दुसऱ्या भांड्यात ओतलेल्या प्रत्येक रसायनावर त्याचे नाव व धोक्याचे चिन्ह असलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. भाच्याला सुरक्षा प्रशिक्षणाला कधीच बोलावले गेले नाही, कारण त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हते. सर्वांत घातक ड्रम हाताळण्याचे काम ठेकेदाराच्या माणसांकडेच असते. सप्ताहात शपथ घेतलेल्यांत अशी माणसे किती होती, हे आपल्या वार्ताहराने आयोजकांना विचारून छापावे, ही विनंती.

— एक वाचक, भुसावळ