खुर्चीचा स्क्वेअर फुटाचा रेट काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्या घरसजावटीच्या पुरवणीत एक सल्ला हमखास असतो : शोरूममध्ये नाहीतर मोबाइलवर डिझाइन बघून ठेवा आणि ओळखीच्या सुताराकडून तेच निम्म्या पैशांत करून घ्या. हे छापून आलं की आमचा फोन थांबत नाही. माझे यजमान आणि सासरे दोघंही सुतार. धायरीला आमचं लहानसं वर्कशॉप आहे. दर सांगणं, हिशेब ठेवणं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंना उत्तरं देणं हे खातं माझ्याकडे. म्हणून पत्रही मीच लिहितेय. त्या दोघांना सांगितलं असतं तर विषय दोन ओळींत संपला असता, आणि त्या ओळी छापण्याजोग्या नसत्या.

एके काळी हा सल्ला बरोबर होता. शोरूम मोजक्या लोकांसाठी असायची, बाकीचे घरी सुतार लावायचे आणि ते खरंच स्वस्त पडायचं. आता गणित उलटं झालंय. कारखान्यात एका खुर्चीचा साचा एकदा लावला की त्यावर हजारो खुर्च्या निघतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू आणि रसायनी गोंद गरम दाबाखाली थापून केलेली फळी. ती सरळ असते, तिला गाठ नसते, रेषा नसतात, त्यामुळे वाया काही जात नाही. सुटे भाग चपट्या खोक्यात भरून पाठवायचे, जोडणी गिऱ्हाइकानेच करायची. 2018 साली हैदराबादला आणि 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईत आयकियाचं दुकान उघडलं, तेव्हापासून तर हा प्रकार घरोघरी माहीत झालाय. त्यात वाईट काही नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, दर दोन वर्षांनी सामान हलवणाऱ्या माणसाने तेच घ्यावं असं मी स्वतः फोनवर सांगते. पण त्या किमतीच्या निम्म्यात सागाची, हाताने केलेली, एकच एक खुर्ची कशी होईल?

खुर्चीचंच घेते, कारण सगळ्यात जास्त वाद तिच्यावरूनच होतो. पलंगाची किंमत लोक मान्य करतात, कारण पलंग मोठा दिसतो. खुर्चीला मात्र, ‘एवढ्याशा खुर्चीला साडेदहा हजार?’ यजमानांना विचाराल तर दहा पलंग परवडले, पण खुर्ची नको. पलंगाचे बहुतेक सांधे काटकोनात असतात. खुर्चीची बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद, म्हणजे बाजूच्या पट्ट्या तिरक्या येतात आणि त्यांचे कुसूही (पट्टीच्या टोकाचा, पायाच्या खाचेत बसणारा भाग) तिरके कापावे लागतात. काटकोन बघायचा गुण्या लावून भागत नाही, प्रत्येक कोन वेगळा आखावा लागतो. मागचा पाय तर वरपासून खालपर्यंत एकच लाकूड. तो बैठकीशी वळतो आणि पुढे पाठ होतो. पाय जेमतेम दीड इंच जाड, पण ते वळण काढायला चार-पाच इंच रुंद फळी लागते. रेषा पायाच्या अंगाने न जाता आडव्या गेल्या तर पाय तिथेच मोडणार, म्हणून फळी निवडण्यातच सकाळ जाते. आणि माणूस मागे रेलला, दोन पायांवर झुलला (घरातली कर्ती माणसंसुद्धा झुलतात, मुलांना उगाच नावं ठेवू नयेत), की सगळा जोर बाजूची पट्टी आणि मागचा पाय यांच्या सांध्यावर येतो. तिथला कुसू खाचेत सैल बसला तर गोंद कितीही चांगला असो, वर्षा-दोन वर्षांत खुर्ची कुरकुरायला लागते. फार घट्ट केला तर ठोकताना खाच फाटते. सासरे कुसू पटाशीने तासतात, लावून बघतात, काढतात, पुन्हा तासतात. बघणाऱ्याला वाटतं, काका टाइमपास करतायत.

आता पैशांचं. अशा एका खुर्चीला सव्वा घनफुटाच्या आसपास साग विकत घ्यावा लागतो. करवतीत, रंध्यात आणि गाठी-चिरा टाळण्यात त्यातला तिसरा हिस्सा तरी जातो. आम्ही वापरतो तो साग घनफुटाला साडेतीन-चार हजारांना पडतो, म्हणजे लाकूडच साधारण साडेचार-पाच हजारांचं. कुशल कारागिराचे अडीच दिवस, रोज हजार रुपये धरा. घासकाम, पॉलिश, बैठकीची गादी, विजेचं बिल, जागेचं भाडं, टेम्पो. सगळं मिळून नऊ हजारांच्या पुढे जातं. उरलेल्या हजार-बाराशेत हत्यारांची झीज, बिघडलेला तुकडा आणि आमचं घर. यावर ‘ताई, फायनल किती?’ असं विचारलं की मी गप्प बसते. घासाघीस मीही करते, मंडईत तर हिरिरीने करते. पण इथे कमी करायला एकच जागा उरते, आणि ती म्हणजे ते अडीच दिवस.

एका गृहस्थांनी तर फोनवर विचारलं, खुर्चीचा स्क्वेअर फुटाचा रेट काय? त्यांना मी हसले नाही. फ्लॅटमधली कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, टीव्ही युनिट हे सगळं काम ठेकेदार स्क्वेअर फुटावर देतात आणि प्लाय-सनमायक्याच्या सपाट कामाला ते ठीकही आहे. तोच फूट त्यांनी खुर्चीला लावला, इतकंच.

गिऱ्हाइकाचा हात आखडतो याला आमचा धंदाही जबाबदार आहे, हे लिहिलं नाही तर पत्र खोटं ठरेल. टिंबर मार्केटमध्ये सागाची सीपी (म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा), वलसाडी, बर्मा, घाना अशी नावं फिरत असतात आणि सामान्य माणसाला त्यातलं काही कळत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीच्या झाडात गाभा कमी, पांढरं लाकूड जास्त. कीड लागते ती त्या पांढऱ्यालाच. पण वरून गडद रंग मारला की तो साग ‘एक नंबर’ म्हणून खपतो. कधी लाकूड सागच नसतं. 2023 च्या मार्चमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी साग रवाना झाला, त्यानंतर तर ज्याला त्याला चंद्रपूरचाच साग हवा असतो, आणि ‘चंद्रपूरचाच आहे’ म्हणून सांगणारेही तेवढेच निघाले. एकदा फसलेला माणूस पुढच्या सुताराकडे संशयाने बघणार नाही तर काय करणार? म्हणून आम्ही आता लाकूड कापण्याआधी गिऱ्हाइकाला बोलावतो, पॉलिश न केलेल्या फळ्या दाखवतो आणि फळीवर खडूने त्यांची सही घेतो. सोनाराच्या पावतीवर सोनं वेगळं आणि घडणावळ वेगळी असते, तसं बिलही लाकूड वेगळं, मजुरी वेगळी असं करतो. निम्म्याहून जास्त वाद तिथेच मिटले.

न मिटणारा वाद आहे तो मोजमाप आणि आराखड्याचा. घरी जाऊन मापं घ्यायची, कागदावर डिझाइन काढायचं, दोनदा बदलायचं, आणि मग ‘घरच्यांशी बोलून सांगतो’. पुढे तोच कागद दुसऱ्या कुणाच्या हातात दिसतो, प्लायमध्ये केलेला. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतात, वकील सल्ल्याचे घेतात. आम्ही आराखड्याचे पाचशे मागितले की लोक दुखावतात. काम दिलं तर ते पाचशे बिलातून वजा करतो, हे सांगूनही.

सरकारचं म्हणाल तर सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत. हत्यारांसाठी पंधरा हजार, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने. चांगली गोष्ट आहे. पण नव्या रंध्याने खुर्ची थोडी लवकर होईल, तिची किंमत पटवून देण्याचं काम राहतंच.

गावी आजेसासऱ्यांना नांगर, कुळव, पाभर नीट ठेवल्याबद्दल सुगीला बलुतं मिळायचं. त्यात अपमानही पुष्कळ होते, म्हणून त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तेव्हा सुताराच्या कामाचा दर कामागणिक कुणी मोजलाच नाही, आणि ते न मोजणं अजून चालू आहे असं मला वाटतं.

बजेट कमी असेल तर वाटा आहेत, आणि आपल्या पुरवणीने त्या सांगाव्यात. सहा नव्या खुर्च्यांऐवजी एक बाक करा, त्याला सांधे कमी लागतात आणि मुलं दाटीवाटीने बसतात. आजीची कुरकुरणारी खुर्ची टाकू नका, सांधे उकलून पुन्हा बसवायला नवीच्या मानाने फार कमी पैसे पडतात. पेठांतले जुने वाडे पडतात, त्यांच्या तुळया आणि खांब विकायला येतात. तो साग अनेक दशकं वाळलेला असतो, नव्यासारखा वाकत नाही. फक्त आत खिळे दडलेले असतात, करवतीचं पातं जातं, आणि त्या पात्याचे पैसे सुतार तुमच्याकडे मागणार. त्याला नाही म्हणू नका. आणि पुढच्या दिवाळी पुरवणीत ‘निम्म्या पैशांत’ऐवजी एका खुर्चीचा असा सुटा हिशेब छापायचा असेल तर आमची वही बघायला आपला वार्ताहर जरूर पाठवा. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे