लॅपटॉपच्या जाहिरातीत वॉट पण छापा की!

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळी जवळ आली की तुमच्या पेपरात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येतात, प्रोसेसरचं नाव मोठ्ठं, ग्राफिक कार्डचं नाव त्याहून मोठं आणि कोपऱ्यात हेडफोन फ्री. तसली एक वाचूनच मी ६५ हजाराला गंडलो, म्हणून हे पत्र.

मी टॉवेल-चादरीची जॅकार्डची, म्हणजे मागावर विणून उठणारी, डिझाईनं करतो. दिवसा डिझाईन, रात्री पोरं झोपली की थोडी गेम, सगळं एकाच मशीनवर. दुकानदार म्हणाला, "दादा, डोळे झाकून घ्या, आय-सेव्हन प्रोसेसर हाय." आणि मी खरंच डोळे झाकून घेतला ओ. पहिल्याच आठवड्यात पार्टीला मरून चादरीचा फोटो पाठवला तर तिकडनं फोन, इतका भडक लाल कशाला? आता माझ्या स्क्रीनवर तो रंग धुतल्यासारखा फिका दिसत होता म्हणून मीच वाढवत गेलो होतो. तीनदा असं झाल्यावर धाग्याचं शेड कार्ड स्क्रीनला लावून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीवाली (हे रंग मोजायचं जुनं माप) निघाली, म्हणजे एसआरजीबीचे, स्क्रीनवरच्या रंगांच्या नेहमीच्या मापाचे, जेमतेम ६०-६५ टक्के रंग ती दाखवणार. डिझाईन, फोटो, व्हिडिओ असलं काम करायचं तर १०० टक्के एसआरजीबीच लागते. जाहिरातीत मात्र "१४४ हर्ट्झ" एवढंच होतं, ते खोटं नव्हतं, पण हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते, त्यामुळं गेम स्मूद दिसते, रंग खरे होत नाहीत.

आता भाच्याला घ्यायचाय, बजेट ७५-८० हजार, त्याला गेमिंग पण पाहिजे आणि व्हिडिओ एडिटिंग पण. तो म्हणतो, मामा, आरटीएक्स ४०५० ग्राफिक कार्ड आहे ना, झालं की! नाही झालं बे. लॅपटॉपमधलं हेच कार्ड ३५ वॉटवर चालवलेलं पण मिळतं आणि ११५ वॉटवर चालवलेलं पण, स्टिकर दोन्हीवर सेम. लूम (माग) तोच पण मोटार कमी हॉर्सपॉवरची बसवली तर काय होतं ते आपल्या सोलापूरला सांगायला नको. हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०२१ मध्येच लॅपटॉप कंपन्यांना सांगितलंय की वेबसाईटवर हा वॉटचा आकडा द्या, आता तिथं जाऊन शोधत बसणार कोण, आणि दुकानात विचारलं तर पोरगा म्हणतो "वॉट? चार्जरचा का?" खरं तर चार्जरवरनं पण अंदाज येतो, चार्जरच १२० वॉटचा असला तर कार्डाला ११५ मिळून प्रोसेसरला काय उरणार?

रॅमचं पण तसंच. १६ जीबी लिहिलेलं असतं, पण ८-८ च्या दोन पट्ट्या आहेत का एकच, पुढं वाढवता येते का बोर्डलाच सोल्डर केलीय, हे कुणी सांगत नाही. आणि एडिटिंग करणाऱ्यानं कार्डाची स्वतःची मेमरी बघावी, ४०५० ला ६ जीबी असते, त्याच्या वरच्या ४०६० ला ८.

अजून एक, हे लॅपटॉप दाखवतात एसी शोरूममध्ये. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, त्यात गेम लावली की चिप तापते आणि जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करते. त्यात लॅपटॉप गादीवर, सोलापुरी चादरीवर ठेवून खेळायची आपल्या पोरांना सवय, खालच्या जाळीतनं हवा ओढायची असते ती बंदच. (चादर माझ्याच डिझाईनची असली तरी नको.) लाईट गेल्यावर बॅटरीवर गेम नीट चालंल ही पण आशा सोडा, बॅटरीवर कार्डाला वॉट अजून कमी मिळतात.

तर साहेब, तुमच्या जाहिरात विभागानं दुकानदारांना एवढंच सांगावं, किमतीच्या खाली बारीक अक्षरात का होईना तीन गोष्टी टाका: कार्डाचे वॉट, स्क्रीनचे एसआरजीबी टक्के आणि रॅमच्या पट्ट्या किती. हेडफोनचा फोटो थोडा बारका केला तरी जागा होते. भाच्याला मी पुढच्या जाहिरातीपर्यंत थांबवून ठेवलंय, तो रोज फोन करून डोकं खातोय.

आपला,
एक डिझाईनवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर