फेऱ्या सातच्या पाच केल्या, टायब्रेकर लावलाच नाही: विभागीय कार्ड स्पर्धेच्या निकालाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
स्पर्धा विभाग, पुणे

विषय: 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या विभागीय स्पर्धेतील चुकीचा निकाल आणि सेवेतील त्रुटी

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या कंपनीने पुण्यात मॉडर्न प्रकाराची (ठरावीक संचांतलेच पत्ते चालणारी) विभागीय स्पर्धा भरवली. 1800 रुपये प्रवेश फी भरून मी सांगलीहून त्यात खेळायला आलो होतो. स्पर्धेचा जो निकाल आपण जाहीर केला तो चुकीचा आहे, अशी माझी लेखी तक्रार आहे. आपल्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा 'सिस्टिमने लावलाय तो फायनल' एवढेच उत्तर मिळाले. ई-मेलला उत्तर आले ते सहभागाबद्दल आभार मानणारे आणि पुढच्या स्पर्धेची जाहिरात करणारे. त्यात निकालाबद्दल अवाक्षर नव्हते. म्हणून आता सविस्तर लिहीत आहे. हे पत्र आपल्या वरिष्ठांकडे आणि वेळ पडल्यास ग्राहक आयोगाकडेही जाईल, तेव्हा हा खेळ ठाऊक नसलेल्यालाही समजेल असे लिहितो.

पहिला मुद्दा फेऱ्यांचा. नोंदणीच्या वेळी आपण जे माहितीपत्रक पाठवले त्यात स्पष्ट लिहिले होते: खेळाडूंच्या संख्येनुसार स्विस पद्धतीच्या फेऱ्या, त्यानंतर पहिल्या आठांची बाद फेरी, आणि त्या आठही जणांना पुढच्या टप्प्यासाठी पात्रता. त्या दिवशी 71 खेळाडू होते. या खेळाच्या स्पर्धा नियमांत 65 ते 128 खेळाडूंसाठी सात फेऱ्या दिलेल्या आहेत, आणि सकाळी माइकवरूनही आपल्या माणसाने सातच सांगितल्या. प्रत्यक्षात पाचव्या फेरीनंतर 'आता थेट टॉप एट' अशी घोषणा झाली.

सात आणि पाच यांत दोन फेऱ्यांचाच फरक, मग बिघडले काय, असे आपल्याला वाटत असेल तर हा हिशेब पाहावा. स्विस पद्धतीत कोणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ पडते. 128 खेळाडू असतील तर सात फेऱ्यांनंतर एकही सामना न हरलेला एक उरतो आणि एकदाच हरलेले सात. म्हणजे बरोबर आठ. सात हा आकडा यातूनच आलेला आहे. पुरेशा फेऱ्या झाल्या की एक सामना हरलेला खेळाडू आठांच्या बाहेर राहत नाही, ही त्यामागची हमी आहे. 71 जणांना पाचच फेऱ्या खेळवल्या की ती हमी संपते. एकदाच हरलेले दहा-अकरा जण उरतात आणि त्यांच्यासाठी पाच-सहा जागा. 1993 साली बाजारात आलेला हा खेळ रचणारे रिचर्ड गारफिल्ड स्वतः गणितज्ञ आहेत. या खेळात आकड्यांची अशी कापाकापी करून चालत नाही.

बरे, फेऱ्या कमी करण्याचे कारण काय? तर रात्री आठला हॉल रिकामा करून द्यायचा होता. पाचवी फेरी चालू असतानाच मांडववाले लग्नाच्या खुर्च्या घेऊन आत आले होते. आमच्या ओळीतली शेवटची दोन टेबले खेळ संपायच्या आत उचलली गेली, आणि तिथल्या दोन खेळाडूंनी पत्ते, डाइस आणि प्लेमॅट सगळे जसेच्या तसे धरून दुसऱ्या टेबलावर नेले. त्या गडबडीत कोणाच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात) काय होते यावरून वाद झाला आणि तो सोडवायला जज येईपर्यंत वेळ संपला.

हॉलचे कारण मला मान्य नाही. एक फेरी 50 मिनिटांची, वर पाच टर्न (पाळ्या) आणि पुढची पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची यादी, लागेपर्यंतचा वेळ धरला तर तासाच्या वर जाते. अशा सात फेऱ्या, मध्ये जेवण, मग बाद फेरीचे तीन सामने, त्यांतल्या अंतिम सामन्याला तर वेळेची मर्यादाही नसते. सकाळी नऊला ठोक्याला सुरुवात झाली असती तरी आठला हॉल सोडणे जमले नसते. सुरुवात झाली सव्वाअकराला, कारण नोंदणीला एकच टेबल होते आणि डेकलिस्ट (प्रत्येकाने आणलेल्या डेकमधल्या, म्हणजे पत्त्यांच्या संचातल्या पत्त्यांची यादी) कागदावर घेऊन नंतर एकच जण त्या लॅपटॉपवर चढवत बसला होता. म्हणजे 71 जणांकडून प्रत्येकी 1800, एकूण 1,27,800 रुपये घेतले तेव्हाच ही स्पर्धा ठरलेल्या रूपात पूर्ण होणार नाही हे आपल्याला कळायला हवे होते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. फेऱ्या कमी केल्या, ते एकवेळ सोसले असते. पण त्यानंतर जे झाले ते कोणत्याही स्पर्धेत चालणार नाही.

सामना जिंकला की 3 गुण, बरोबरीला 1. पाच फेऱ्यांनंतर दोघे 15 गुणांवर होते, एक 13 वर आणि आम्ही नऊ जण 12 वर. आठपैकी तीन जागा वरच्या तिघांच्या. उरलेल्या पाच जागांसाठी आम्ही नऊ. इथे टायब्रेकर, म्हणजे सारख्या गुणांच्या खेळाडूंत क्रम लावण्याचा निकष, लागतो, आणि तोही नियमाने ठरलेला आहे: आधी पाहायची ती प्रतिस्पर्ध्यांच्या सामना-विजयांची टक्केवारी, ती सारखी आली तर स्वतःच्या गेम-विजयांची (एका सामन्यात दोन गेम जिंकणारा सामना जिंकतो), तीही सारखी आली तर प्रतिस्पर्ध्यांच्या गेम-विजयांची. ज्याने कठीण खेळाडूंशी लढून 12 गुण मिळवले तो वर, असा त्याचा सरळ अर्थ.

आपण भिंतीवर जी यादी चिकटवली तिचा मी जवळून फोटो काढला आहे. तिच्यात तीनच रकाने आहेत: क्रमांक, नाव, गुण. टक्केवारीचा रकानाच नाही. आणि 12 गुणांच्या नऊ जणांची नावे आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लागलेली आहेत. ए, बी, डी, जी, के, एम, पी, एस आणि शेवटी माझे, डब्ल्यू. 'के'च्या खाली लाल स्केचपेनने आडवी रेघ मारली आहे. रेघेच्या वरचे पाच आत, खालचे आम्ही चौघे बाहेर.

नऊ नावे खऱ्या टायब्रेकरने लागूनही योगायोगाने नेमकी अक्षरक्रमातच यावीत, याची शक्यता 3,62,880 मध्ये एक आहे. शिवाय 15 गुणांच्या दोघांची नावेही अक्षरक्रमातच आहेत. टायब्रेकरचा रकाना न घेताच यादी छापली गेली आणि आपल्या माणसांनी तीच अंतिम धरली, याशिवाय दुसरा निष्कर्ष मला तरी काढता येत नाही.

आम्ही काही खेळाडूंनी दर फेरीच्या पेअरिंगचे आणि निकालांचे फोटो एकत्र करून आपापली टक्केवारी काढली. माझीच सांगतो. पहिल्या फेरीतला माझा प्रतिस्पर्धी दोन्ही सामने हरून, उशिराला कंटाळून निघून गेला. त्याचे खरे शून्य, पण नियमाप्रमाणे 33 टक्क्यांच्या खाली कोणाचेच धरत नाहीत, म्हणून 33. दुसऱ्या फेरीतला माझ्याकडून हरला आणि पुढचे सगळे जिंकला, त्याचे 80. तिसऱ्या फेरीत मी ज्याच्याकडून हरलो तो पाचही सामने जिंकला, त्याचे 100. चौथ्या आणि पाचव्या फेरीतल्या दोघांचे 60-60. बेरीज 333, सरासरी 66.6. रेघेच्या वर असलेल्या पाचांपैकी ज्या दोघांनी स्वतःहून आपले निकाल आम्हाला दिले, त्या दोघांचीही टक्केवारी यापेक्षा कमी भरते. त्या दोघांचा यात काहीएक दोष नाही. उलट त्यांनीच 'बघा, आमचेही मोजा' म्हणून सगळे उघडे केले, याचे मला फार कौतुक वाटते.

माझीच जागा होती असा दावा मी आत्ताच करत नाही. नऊच्या नऊ जणांचा पूर्ण हिशेब आपल्या लॅपटॉपमध्ये आहे, आमच्याकडे नाही. पण तो हिशेब झालाच नाही, एवढे मी ठामपणे म्हणतो. यादी लागल्याबरोबर मी आणि माझ्याबरोबर रेघेखालचे दोघे हेड जजकडे दाद मागायला गेलो. ते निघून गेल्याचे सांगण्यात आले. हेड जजच्या निर्णयावर वर अपील नसते, म्हणूनच तो माणूस शेवटचा पत्ता पडेपर्यंत जागेवर लागतो. टेबलांमधून दिवसभर उभ्याने फिरणारे दोन तरुण जज मात्र शेवटपर्यंत थांबले, त्यांनी आमचे ऐकूनही घेतले, पण 'यादी बदलण्याचा अधिकार आम्हाला नाही' असे ते म्हणाले. त्या दोघांवर माझी तक्रार नाही आणि त्यांच्यावर हे ढकललेही जाऊ नये.

मी सांगलीचा आहे. आमच्याकडे बुद्धिबळाच्या स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. स्विस पद्धत मुळात बुद्धिबळातलीच, 1895 मध्ये झुरिचच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. आमच्या इथे दहा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा असली तरी भिंतीवरच्या तक्त्यात टायब्रेकचे रकाने असतात, आणि एखाद्या मुलाच्या आईने 'हे कसे आले?' असे विचारले तर पंच पेन घेऊन बेरीज करून दाखवतात. तुमच्या स्पर्धेत मोठ्या माणसांनी कष्टाचे पैसे घालून बांधलेले डेक घेऊन यायचे, 60 पत्ते आणि 15 चा साइडबोर्ड (राखीव पत्ते) एकेक करून कागदावर लिहून द्यायचा, एका पत्त्याची नोंद चुकली तरी दंड सोसायचा, आणि आयोजकाने मात्र बेरीजही करायची नाही? खेळाडूला लावलेली शिस्त आयोजकालाही लागू आहे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. मिरजेच्या एका कॉलेजच्या मुलाची चौथ्या फेरीच्या सुरुवातीला डेक तपासणी झाली. तपासणीत सगळे बरोबर निघाले, पण त्यात गेलेली 12 मिनिटे त्याला परत मिळाली नाहीत. नियमाप्रमाणे तपासणीचा वेळ अधिक तीन मिनिटे, अशी 15 मिनिटे मिळायला हवी होती. तोपर्यंत तिन्ही सामने जिंकलेल्या त्या मुलाचा सामना 1-1 वर अनिर्णित सुटला. त्याने लगेच हात वर करून विचारले होते, त्याच्या शेजारच्या टेबलावर मी होतो आणि मी ऐकले आहे. दुसरी गोष्ट, प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूला प्रोमो कार्ड (भेटीदाखल खास पत्ता) देण्याचे माहितीपत्रकात छापले होते, ते निम्म्याअधिक लोकांना मिळाले नाही. संपले म्हणाले. नोंदणी आठवडाभर आधी बंद झाली होती, किती लागणार हे तेव्हाच ठाऊक होते.

माझ्या मागण्या अशा. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पाचही फेऱ्यांचे निकाल आणि तिन्ही टायब्रेकरच्या टक्केवारीसह संपूर्ण क्रमवारी सर्व 71 खेळाडूंना पाठवावी. त्यानुसार रेघेखालचा जो खेळाडू आठांत बसत असेल त्याला पुढच्या टप्प्याची पात्रता द्यावी, आणि ज्यांना ती आधीच जाहीर झाली आहे त्यांच्याकडून ती काढून घेऊ नये, कारण चूक त्यांची नाही. जागा वाढवाव्या लागतील, तो खर्च आयोजकाने सोसावा. जाहीर केलेल्या सातपैकी दोन फेऱ्या झाल्या नाहीत, त्या प्रमाणात प्रवेश फीचा भाग सर्वांना परत करावा. मिरजेच्या खेळाडूला लेखी खुलासा द्यावा आणि राहिलेली प्रोमो कार्डे घरपोच पाठवावीत.

यापैकी काही अमान्य असेल तर कोणत्या नियमाच्या आधारे अमान्य आहे ते लेखी कळवावे. मोघम उत्तर आले किंवा उत्तरच आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या दोन्ही कारणांखाली मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करीन. बाहेर राहिलेल्यांपैकी आणखी दोघे माझ्याबरोबर सही करायला तयार आहेत.

पश्चिम महाराष्ट्रात हा खेळ खेळणारे आम्ही थोडेच आहोत. सांगली, मिरज, कोल्हापुरात मिळून एका हॉलमध्ये मावू. घरच्यांना 'हा पत्त्यांचा जुगार नाही' हे पटवून, सुट्टी मिळवून मुले पहाटेच्या गाडीने पुण्याला येतात. त्या मिरजेच्या मुलाने परतीच्या गाडीतच आपला बर्नचा (प्रतिस्पर्ध्यावर थेट घाव घालणाऱ्या पत्त्यांचा) डेक विकायला काढला, 'लायटनिंग बोल्ट'च्या चारही पत्त्यांसकट. त्याने तो विकू नये असे मला वाटते, आणि त्याला थांबवण्यासाठी माझ्या हातात या पत्राखेरीज काही नाही.

यादीचा फोटो, माहितीपत्रक, फी भरल्याची पावती, पाचही फेऱ्यांच्या पेअरिंगचे फोटो आणि आम्ही काढलेल्या टक्केवारीचा तक्ता सोबत जोडला आहे. उत्तर नोंदणीकृत ई-मेलवर पाठवावे.

आपला,
एक नोंदणीकृत खेळाडू
सांगली