नाचाचा तास गाण्यापासून सुरू करू नका

मा. संपादक,

शाळेचा कार्यक्रम जवळ आला की आधी गाणे ठरते, मग कपडे, मग एखादा व्हिडिओ पाहून स्टेप्स बसवल्या जातात. उभे कसे राहायचे, उडी मारून खाली कसे यायचे, हे शिकवायला वेळच उरत नाही. हा क्रम शाळांनी उलटा करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. तंत्र, रचना आणि सादरीकरण या तिन्ही गोष्टी दहा-बारा वर्षांच्या मुलांना नीट शिकवता येतात, आणि त्यासाठी मूल जन्मतः लवचीक असावे लागत नाही.

सुरुवात गुडघ्यांपासून करावी. भरतनाट्यममधली अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धे बसणे) असो वा बॅलेतला प्लिए (तसेच गुडघे वाकवणे), वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत जायला हवा. पावले बाहेर वळतात ती खुब्यातून. ज्या मुलाचा खुबा तेवढा वळत नाही, ते शेजारच्यासारखे दिसावे म्हणून पावलेच ओढून बाहेर काढते. मग गुडघे आत पडतात, तळव्याची कमान खाली बसते आणि सगळा पीळ गुडघ्याच्या सांध्यावर येतो. तपासायचे कसे? वाकलेल्या मुलाने खाली पाहिल्यावर गुडघ्याच्या आतल्या बाजूला पायाचा अंगठा दिसला पाहिजे. अंगठा गुडघ्याआड गेला, तर पावलांचा कोन कमी करून घ्यावा. गुडघा हाताने मागे ढकलू नये.

उडीचेही तसेच. खाली येताना आधी बोटे, मग चवडा, मग टाच टेकते आणि त्याच वेळी गुडघे वाकतात. टाच हवेतच राहिली तर पोटऱ्या आणि नडग्या दुखायला लागतात. गुडघे ताठ राहिले तर धक्का थेट कमरेपर्यंत जातो. इथे शिक्षकाचा कान डोळ्यापेक्षा उपयोगी पडतो. वर्गाकडे पाठ करून उभे राहावे आणि ‘धप्प’ आवाज ऐकू आला की थांबवून तीच उडी निम्म्या उंचीने करून घ्यावी. सिमेंटच्या वा फरशीच्या जमिनीला लवचिकता नसते, म्हणून तिथे उड्या मोजक्याच ठेवाव्यात. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून नाचायला देऊ नये. अनवाणी किंवा पकड असलेले बूट चालतील. साधारण अकरा ते चौदा या वयात उंची झपाट्याने वाढते आणि स्नायू मागे पडतात. या काळात गुडघ्याच्या वाटीच्या खाली किंवा टाचेत दुखते असे मूल म्हणाले, तर तो आळस समजू नये. त्याच्या उड्या लगेच बंद कराव्यात आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवायला सांगावे.

तासाची पहिली आठ-दहा मिनिटे शरीर गरम करायला द्यावीत: चालणे, हलके धावणे, खांदे-खुबे-घोटे फिरवणे. ताणून धरण्याचे व्यायाम शेवटी, एका स्थितीत 20 ते 30 सेकंद, हिसका न देता. स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीवर बसणे) यावा म्हणून मुलांच्या पाठीवर किंवा मांडीवर दाब देण्याचा प्रकार अजूनही चालतो. तो आजच्या आज थांबला पाहिजे.

मोजणीकडे तर फारच दुर्लक्ष होते. मुले गाण्याच्या शब्दांवर स्टेप लक्षात ठेवतात आणि मधल्या वाद्यांच्या तुकड्यात हरवतात. शिक्षकाने गाणे आधी आठ-आठच्या मोजणीत कागदावर मांडावे. मिनिटाला 120 ठोके असलेले दोन मिनिटांचे गाणे म्हणजे 240 ठोके, म्हणजे 30 आठ. एवढे हाताशी असले की कोणत्या आठात काय होते हे कुणालाही सांगता येते. शिकवताना पावले पाठमोरे उभे राहून दाखवावीत. समोर तोंड करायचे असेल तर आपला डावा हात उचलून मुलांचा उजवा करून घ्यावा. रांगा दर सरावाला बदलाव्यात आणि अधूनमधून सगळ्यांना मागच्या भिंतीकडे तोंड करून तोच भाग करायला लावावा. पुढच्याचे बघून नाचणारी मुले तिथेच कळतात.

रचना शिक्षकानेच पूर्ण बसवावी, हे आम्हाला पटत नाही. मुलांना आठ मोजांची, म्हणजे एक ते आठ मोजेपर्यंतच्या हालचालींची, एक छोटी आकृती करायला द्यावी आणि तीच बदलायला सांगावी: जमिनीलगत करा, निम्म्या वेगाने करा, उलट क्रमाने करा, दिशा बदला. नृत्य आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (1879–1958) यांनी हालचालीचे वजन, अवकाश, काळ आणि ओघ असे चार घटक मांडले. मुलांना ते ‘जड की हलके, थेट की वळणाचे, झटकन की सावकाश, बांधलेले की मोकळे’ एवढ्या शब्दांत सहज कळतात.

एक उदाहरण देतो. चार मुले, आठ मोजांची एकच आकृती, प्रत्येकाने दोन मोज उशिरा सुरुवात करायची. पहिला 1 वर, दुसरा 3 वर, तिसरा 5 वर, चौथा 7 वर. चौथा 14 वर संपवतो आणि दोन आठांतले शेवटचे दोन मोज सगळ्यांना एकत्र स्थिर राहायला मिळतात. बिघडते ते पहिल्या मुलामुळे. त्याचे काम 8 वर संपते आणि पुढचे सहा मोज काय करायचे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. ते केस सारखे करते, इकडेतिकडे पाहते. शेवटची स्थिती धरून ठेवणे हाही नाचाचाच भाग आहे, हे त्याला आधीच शिकवावे.

सादरीकरणासाठी रंगमंचाचे माप आधी घ्यावे आणि सरावाच्या जागेत चिकटपट्टीने तेवढाच चौकोन आखावा. लहान खोलीत बसवलेला नाच मोठ्या मंचावर मधोमध गोळा होतो. मधली खूण आणि पुढच्या कडेवर समान अंतरावर आकडे असले की मुलांना खाली मान घालून जागा शोधावी लागत नाही. नजर शेवटच्या रांगेच्या डोक्यांच्या किंचित वर असावी. ‘हसा, हसा’ असे विंगेतून ओरडल्याने चेहरे आक्रसतात. श्वास सोडायला सांगितले तर मोकळे होतात. चुकल्यास थांबायचे नाही, पुढच्या ‘एक’वर सामील व्हायचे, याचा मुद्दाम सराव घ्यावा: मधेच एकाला थांबवावे आणि परत शिरायला लावावे. प्रवेश, निर्गमन आणि खरा पोशाख यांचा सराव निदान दोन वेळा व्हावा. लांब घेर आणि ढिले दागिने गिरकीत काय करतात, ते आधी कळलेले बरे.

गुण द्यायचे असतील तर पाय किती उंच गेला यावर देऊ नयेत. ताल, गुडघ्याची रेषा, जागेचा वापर आणि स्वतः केलेल्या आकृतीत किती बदल सुचले, हे पाहावे. मुख्याध्यापकांनी यासाठी आठवड्यातून दोन तास वर्षभर द्यावेत; कार्यक्रमाआधीच्या पंधरवड्यात इतर तास बुडवून रोज तीन-तीन तास नाचवू नये, कारण दमलेल्या पायांनीच घोटे मुरगळतात.

— शालेय नृत्यशिक्षक